मिरचीचे रोपं ट्रेमध्येच मरून राहिले, लवकर सांगा (मदत हवी आहे)

दर्यापूरचा_पोट्टा
राजेहो कोणी जागं असन तर सांगा. मिरची, वांगं, टमाटे तिन्ही ट्रेमध्ये टाकले होते, उगवले मस्त, दोन दोन पानं आले अन् आता एकेक करून मरून राहिले. मिरचीचा ट्रे अर्धा रिकामा झाला. आई रोज सकाळी पह्यले ट्रे पाहते मंग माह्याकडे पाहते. बी चांगल्या कंपनीचं आहे, पाणी वेळेवर देतो, नेटखाली ठेवले आहे. व्हिडिओत सांगतात तसंच सगळं केलं. कोणतं औषध मारू फक्त तेवढं सांगा, दुकान संध्याकाळी बंद होते. फोटो टाकून पाहिला, साइज मोठी आहे म्हणते.

निंबोळी
औषधाच्या मागे लागूच नका भाऊ. जीवामृत द्या. 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, गूळ, बेसन अन् बांधावरची मूठभर माती. मी दहा वर्षांपासून दुकानाची पायरी चढलो नाही.

वांग्याचं_भरीत
त्याच्याजवळ तीन ट्रे आहे अन् तुम्ही त्याले 200 लिटरचा ड्रम भरायले लावता 😂

काळी_कसदार
आधी नीट माहिती द्या. ट्रेत काय भरलं? बी गुलाबी रंगाचं होतं का? रोप बुडातून बारीक होऊन आडवं पडते का उभ्या उभ्या वाळते? ह्या शेवटच्या प्रश्नावर सगळं आहे, ते न सांगता औषध विचारणं म्हणजे डॉक्टरले फोनवर नुसतं दुखते म्हणून सांगणं.

गच्चीवरची_बाग
नमस्कार, मी पुण्यात गच्चीवर भाज्या लावते. रोपांना ऊब कमी पडत असेल. मिरचीला उगवायला 25 ते 30 डिग्री तापमान लागतं. ट्रेखाली हीट मॅट ठेवा, नाहीतर ट्रे घरात दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवा आणि वरून पारदर्शक झाकण घाला. मी अंड्यांच्या ट्रेमध्येही करते, खूप गोंडस दिसतं.

वांग्याचं_भरीत
ताई इथं महाशिवरात्र झाली की दुपारी टिनाच्या खाली उभं राहवत नाही. झाकण घातलं तर रोपाची भाजी होईन शिजून.

दर्यापूरचा_पोट्टा
कोकोपीट भरलं आहे, नारळाच्या काथ्याचा भुसा. त्याची दाबलेली वीट आणली, भिजवली, भरली. बी गुलाबी होतं हो. पडत नाही, उभंच राहते, पानाची टोकं करपते मंग पूर्ण पान तांबडं होऊन वाळते. आता तरी औषध सांगा.

फवारणी_किंग
मर रोग आहे. बाविस्टीन बुरशीनाशक पंपाले 20 ग्रॅम घ्या अन् बुडात ओता. डोळे झाकून.

काळी_कसदार
डोळे झाकूनच सांगून राहिले तुम्ही. तो म्हणते रोप पडत नाही. मर रोगात देठ मातीलगत सुतासारखं बारीक होते अन् रोप लोळते. अन् खरंच मर असती तरी बाविस्टीन काय करणार? नर्सरीत जी पिथियम बुरशी असते तिच्यावर ते चालतच नाही, त्याले कॉपर ऑक्सीक्लोराइड नाहीतर मेटालॅक्झिलवालं लागते.

फवारणी_किंग
आमच्या भागात सगळे तेच वापरतात, कोणाचं रोप मेलं नाही.

निंबोळी
ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीले खाणारी चांगली बुरशी, लावून बी टाकलं असतं तर ही पाळीच आली नसती.

काळी_कसदार
बी गुलाबी आहे म्हणजे थायरम बुरशीनाशक लावलेलं असन. त्याच्यावर ट्रायकोडर्मा चोळला तर तो बिचारा टिकणार कसा? कोकोपीटमध्ये मिसळायचा असते मंग. पण हे पुढच्या वेळचं झालं.

संत्र्याची_बाग
मी वरुडकडची. पाणी कुठलं देता ते कोणीच विचारलं नाही अजून.

दर्यापूरचा_पोट्टा
बोरचं ताई. अजून कुठलं राहते?

संत्र्याची_बाग
भाऊ तुमच्या नावातच उत्तर आहे. दर्यापूर म्हणजे पूर्णा नदीचा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं. त्या बोरचं पाणी तुम्ही स्वतः पेत नाही अन् दोन पानाच्या मिरचीले पाजता. आता ट्रेजवळ जा अन् पाहा, खणांच्या कडेले पांढरी भुकटी बसली आहे का? कोकोपीटवर पापडी धरली आहे का?

दर्यापूरचा_पोट्टा
आहे. मले वाटलं कोकोपीटची बुरशी आहे. नखानं खरवडून जिभेले लावली, चक्क मीठ. पण याच पाण्यावर बाबांची कपाशी होते, दरवर्षी होते. मंग मिरचीले काय झालं?

संत्र्याची_बाग
कपाशी लय सोशिक पीक आहे. जमिनीतल्या पाण्याचा ईसी, म्हणजे खारटपणाचा आकडा, 7.7 पर्यंत गेला तोवर कपाशीचं उत्पन्न घटत नाही, टमाट्याचं 2.5 नंतर घटते अन् मिरचीचं 1.5 पासूनच. हे मोठ्या झाडाचे आकडे झाले, रोपटं त्याच्याहून नाजूक. अन् ट्रेचा खण केवढासा, दिवसातून दोनदा पाणी देता, पाणी उडून जाते, मीठ तिथंच राहते. वावरात पावसाळ्याचं पाणी ते मीठ खाली नेते, ट्रेत कोण नेणार? त्यात कोकोपीट नारळाच्या काथ्याचं, ते धुतलेलं नसलं तर त्याचं स्वतःचंच मीठ असते. तुम्ही वीट भिजवली तीही बोरच्याच पाण्यात ना?

टमाट्याचं रोप त्यातल्या त्यात बरं असन, मिरची जास्त गेली असन. बरोबर का?

दर्यापूरचा_पोट्टा
हो टमाटे बरे आहे. बोरच्याच पाण्यात भिजवली.

निंबोळी
मी म्हणूनच जीवामृत म्हटलं होतं.

वांग्याचं_भरीत
ते कोणत्या पाण्यात बनवणार होते काका?

शेततळं_एक
खारपाणपट्ट्याले एकच इलाज, शेततळं. पावसाचं पाणी साठवा. आमच्याकडे प्लास्टिक टाकून केलं, आता हरभऱ्यालेही एक पाणी मिळते. 2016 मध्ये सरकारची मागेल त्याला शेततळे योजना आली तेव्हाच करून घ्यायचं होतं. तुमचा सातबारा कोणाच्या नावानं आहे?

फवारणी_किंग
जिप्सम टाका मंग.

काळी_कसदार
जिप्सम चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या जमिनीले असते हो, वावरात, पावसाच्या आधी. ट्रेत जिप्सम टाकून काय करता. ताईंचं बरोबर आहे, मले पाणी सुचलंच नाही कारण आमच्याकडे यवतमाळले पाण्याचा हा प्रश्न नाही. पोट्ट्या, गोड्या पाण्यानं ट्रे चांगला निथळू दे, प्रत्येक खणातून खालून पाणी गळेस्तोवर, दोन तीनदा. नुसतं वरून शिंपडून मीठ जात नाही, उलट वर येते. शहानूर धरणाचं नळाचं पाणी येते ना तुमच्याकडे?

दर्यापूरचा_पोट्टा
येते पण रोज नाही. आई पिण्याचं पाणी झाडाले देऊ देणार नाही, घरात महाभारत होईन.

संत्र्याची_बाग
तीन ट्रेले रोज एक बालटी खूप झाली. आईले म्हणा मिरची पाहिजे का पाणी. अन् एक करा, दोन कपात मिरचीचं बी टाका, एकाले नळाचं एकाले बोरचं. बाबा मानत नसतील तर ते पाहून मानतील. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात बाटलीभर बोरचं पाणीही तपासायले द्या, नुसता ईसी नाही, सोडियमचंही विचारा.

वांग्याचं_भरीत
पण मले सांगा, आता मिरची टाकून उपयोग काय? रोप तयार व्हायले 35-40 दिवस, म्हणजे लावणी चैत्रात. तेव्हा पारा चाळिशीत. फूल लागन अन् गळन. उन्हाळी मिरचीचं बी जानेवारीतच टाकायचं असते. त्यापेक्षा गवार, भेंडी, चवळी सरळ टोकण करा, ट्रेची भानगडच नाही.

काळी_कसदार
अंगणातली दहा पाच झाडं आहे, एकरभर थोडीच आहे. सकाळचं ऊन अन् दुपारी नेट दिलं की मिरची निघते. टमाट्याचं मात्र तुमचं खरं, त्याचं फूल गरमीत टिकत नाही. अन् चवळी गवार टोकायले गोडं पाणी कुठून आणणार, ते आधी सांगा.

वांग्याचं_भरीत
गवार खाऱ्या पाण्यात बऱ्यापैकी तग धरते. चवळीचं माहीत नाही, माह्याकडे वानरं ठेवतच नाही काही. शेंग धरली की सकाळी टोळी हजर. ह्याच्यावर कोणाजवळ इलाज असन तर सांगा.

शेततळं_एक
वानराले फटाके.

वांग्याचं_भरीत
आमची वानरं आता फटाक्याच्या आवाजावर जेवायले येतात.

गच्चीवरची_बाग
अरे वा, हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे सोसायटीत बोअरवेलचं पाणी येतं आणि माझी स्ट्रॉबेरी नेहमी टोकाने करपते. मीही तपासून बघते.

दर्यापूरचा_पोट्टा
आईले सांगितलं. ती म्हणते एक बालटी देते पण भांडे विसळलेलं पाणी, चांगलं नाही. साबणाच्या आधीचं विसळलेलं चालते का? मिरची गेली ती गेली, पाकिटात बी उरलं आहे, परत टाकतो. कोकोपीट तेच धुवून घेऊ का नवीन आणू?

संत्र्याची_बाग
साबण नसन तर चालते, तेलकट नको. कोकोपीट तेच वापरा पण गोड्या पाण्यात भिजवून पिळा, पाणी फेका, परत भिजवा, पिळलेलं पाणी चहासारखं काळं यायचं थांबेस्तोवर. मंग थोडं जुनं चाळलेलं शेणखत मिसळा, ताजं नको, अन् जास्तही नको, खतातही मीठ असते.

फवारणी_किंग
टाकायच्या आधी बाविस्टीनमध्ये बुडवून घ्या.

शेततळं_एक
सातबाऱ्याचं सांगितलं नाही भाऊ तुम्ही.