एकेचाळिसाव्या वर्षी दुसरं मूल: हौस आहे की रिकाम्या घराची भीती?

मोंढ्यामागची:
आधीच सांगते, मुलगा पाहिजे म्हणून विचारत नाही. एक लेक आहे, नववीत. तेवढ्यावर आम्ही दोघंही समाधानी होतो, निदान गेल्या श्रावणापर्यंत.

मी परभणीत राहते, जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. जाताना एसटी, येताना मिळेल ती जीप. मिस्टर ४६ चे, मोंढ्यात आडतीचं दुकान. सोयाबीन यायला लागलं की ते घरी नुसते झोपायला येतात.

श्रावणात माझी पाळी चुकली. गल्लीतला मेडिकलवाला मिस्टरांचा दोस्त, म्हणून स्टेशनकडून किट आणलं, पिशवीत मेथीच्या जुडीखाली लपवून. पहाटे पाचला बघितलं. एकच रेघ. सुटले बाई, असं वाटायला पाहिजे होतं. पण तव्यावर पोळी करपली तरी मला कळलं नाही. लेक म्हणाली, "मम्मी, काय करायलीस?" चार दिवसांनी पाळी आली. पण मधल्या दिवसांत मी मनातल्या मनात माळ्यावरचा पाळणा खाली काढून बसले होते. दोऱ्या कुजल्या असतील, बदलाव्या लागतील, इथपर्यंत.

लेक दोन वर्षांनी लातूरला जाणार. आमच्याकडं पोरगं हुशार निघालं की अकरावीला कुठं, हे कुणी विचारतसुद्धा नाही. मग घरात मी, आत्याबाई म्हणजे सासूबाई, आणि त्यांच्या मालिका.

मिस्टरांना विचारलं तर "तू म्हणशील तसं." चांगला माणूस आहे, पण हे वाक्य मला शिवीसारखं लागतं. आत्याबाईंना लगेच वंशाचा दिवा दिसायला लागला, तो विषय मी तिथंच बंद केला. इथल्या एका डॉक्टरीणबाईंनी तर चष्म्यावरून बघून "आता आजी व्हायचं वय की तुमचं" म्हटलं आणि पुढच्या पेशंटला आवाज दिला.

चाळिशीनंतर ज्यांनी केलं, किंवा ठरवून केलं नाही, त्यांनी खरं खरं सांगा. "मनाचं ऐका" एवढं लिहू नका. मन रोज वेगळं बोलतं.

औशाची सून:
ताई, माझं दुसरं चाळिसाव्या वर्षी झालं. पोरगी आता चार वर्षांची आहे. सातव्या महिन्यात शुगर निघाली, रोज बोट टोचायचं, ज्वारीची भाकरीसुद्धा मोजून खायची. शेवटी सिझर. पहिल्या वेळी तिसऱ्या आठवड्यात मी दळण आणायला गेले होते. या वेळी तीन महिने कंबर धरून होते.

पण सगळ्यात अवघड गेला तो बाळात काही दोष आहे का, त्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंतचा आठवडा. नवऱ्याला म्हटलं, काही निघालं तर काय करायचं ते आज बोल, नंतर नको. भांडण झालं, पण बरं झालं. तुम्ही ते आधीच बोलून घ्या.

अंगणवाडीत "नात का?" विचारतात. पहिल्यांदा रडले होते. आता "हो, माझीच" म्हणते, मग त्याच गोंधळतात.

निवृत्त सिस्टर, नांदेड:
३२ वर्षं प्रसूती वॉर्डात काढली, म्हणून स्पष्ट लिहिते. चाळिशीत दिवस राहिले तर तीनातली एक गर्भधारणा टिकत नाही. त्यात बाईचा दोष नसतो, बहुतेक वेळा बीजातच गडबड असते. डाऊन सिंड्रोमचं प्रमाण तिशीत नऊशे-हजारात एक, चाळिशीत शंभरात एक. म्हणजे नव्व्याण्णव जणींना ते नसतं, हेही लक्षात ठेवा. अकरा ते तेरा आठवड्यांत एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात ती) आणि रक्ताची तपासणी होते. त्यातून फक्त धोका किती ते कळतं. नक्की सांगायला गर्भजल तपासावं लागतं.

"बघू, राहिलं तर राहिलं" करत वर्ष घालवू नका. या वयात आधी तपासायचं. थायरॉईड, शुगर, बीपी, हिमोग्लोबिन, एएमएच, आणि मिस्टरांचं वीर्यसुद्धा, ते लाजतील तरी. एएमएच कमी आलं म्हणून लगेच रडू नका. त्यातून बीजांची संख्या कळते, दर्जा नाही. फॉलिक ॲसिड आत्तापासून. टेस्ट ट्यूबवाले गोड बोलतील. कायद्यानं बाईला पन्नाशीपर्यंत परवानगी आहे, पण परवानगी आहे म्हणजे यश आहे असं नाही. स्वतःच्या बीजांवर त्यांच्याकडं तुमच्या वयाच्या किती जणींना मूल झालं, ते विचारा. नुसते "दिवस राहिले" नको, मूल घरी नेलं का ते.

हिशोबी:
जि. प. शिक्षक ५८ ला रिटायर. ४२ ला मूल झालं तर तुमच्या निरोप समारंभाला ते सोळाचं, म्हणजे अकरावीच्या फीच्या तोंडाशी. नोव्हेंबर २००५ नंतर लागला असाल तर जुनी पेन्शनही नाही. प्रसूती रजा १८० दिवस मिळेल, पुढचं कोण बघणार? आत्याबाईंचं वय किती? राग मानू नका, मीही मास्तरच आहे.

भूकंपानंतरची:
मी या विषयात दुसऱ्या बाजूची. आमचं गाव किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे आईची दोन्ही लेकरं माळवदाखाली गेली. तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. ते परत जोडून घेतलं आणि तीन वर्षांनी मी झाले. आई तेव्हा ३९ ची, वडील ४५ चे.

माझं काही वाईट झालं नाही. आईवडील म्हातारे आहेत हे मला शाळेत गेल्यावर कळलं. बारावीच्या वर्षी वडिलांचं बायपास झालं, मी दवाखान्याच्या पायरीवर रसायनशास्त्र वाचलं. तेही जमलं. जड गेलं ते वेगळंच. मला थोरल्या बहिणीचंच नाव ठेवलंय. आई हाक मारते तेव्हा कधीकधी मला कळतं, ही हाक माझी नाही.

तुमचं दुःख तसलं नाही, देव करो आणि नसो. पण लातूरला गेलेल्या लेकीची जागा भरायला कुणाला आणत असाल, तर ते त्या लेकराला कळतं. कुणी सांगावं लागत नाही. पाळण्याच्या दोऱ्यांचं वाचून मात्र बरं वाटलं.

मोंढ्यामागची:
सगळ्यांचं वाचलं. किल्लारीच्या ताईंचं तीनदा.

हिशोबी सर, आत्याबाई ७१. मी २००८ ची, म्हणजे पेन्शनचं तुमचं बरोबर आहे. रात्री वहीत मांडून बघितलं, जमतं, पण मधे कुणी आजारी पडायचं नाही या अटीवर.

मग लेकीला सांगितलं. ती आधी वैतागली, "म्हणजे माझ्या दहावीत? बोर्डाच्या वर्षात घरात रडणारं बाळ?" दार आपटून आत गेली. अर्ध्या तासानं फक्त डोकं बाहेर काढून म्हणाली, "झालंच तर नाव मी ठेवणार." अजून काहीच नाही गं, म्हटलं, आधी तपासून तर येऊ दे.

ती गेल्यावर घर कसं होईल हे मी श्रावणापासून बघायले. ती घरात असताना बाळ कसं असेल, हे परवा तिनं दार आपटेपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं.

बुधवारी नांदेडला जायलोत. रजेच्या अर्जात 'घरगुती काम' लिहिलं. मिस्टरांना म्हटलं, तुमची तपासणी नंतर करू, आत्ता मोंढा भरलेला आहे. तर ते दुकान बंद ठेवून येणार आहेत. ऐन सोयाबीनच्या आवकेत. हे मी मागितलं नव्हतं.