रझांचा बिंदू सगळ्यांना माहीत, पण त्यांची निसर्गचित्रं? (चर्चा)

शर्वरी_के

एस. एच. रझा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकच येतं, मोठा काळा बिंदू आणि भोवती त्रिकोण-चौकोन. माझं म्हणणं सरळ आहे, बऱ्याच जणांना पटणार नाही तरी लिहितेय. रझा मोठे चित्रकार ठरतात ते १९५० ते साधारण १९७५ पर्यंतच्या निसर्गचित्रांमुळे, बिंदूमुळे नाही. आणि ती निसर्गचित्रं जेवढी त्यांची आहेत तेवढीच त्यांच्याशी भांडणाऱ्या, त्यांना स्पष्ट सुनावणाऱ्या मित्रांची पण आहेत.

मुंबईत असताना ते वॉटरकलरमध्ये रस्ते, पावसात भिजलेली गर्दी वगैरे करायचे, छान करायचे, बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक पण मिळालं १९४८ मध्ये. त्याच वर्षी काश्मीरला गेले आणि तिथे फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटला. त्याने चित्रं बघून तोंडावर सांगितलं की तुझ्यात टॅलेंट आहे पण चित्राला बांधणी नाही, घराला पाया-भिंती-छप्पर लागतं तसं चित्राला पण लागतं, सेझान हा फ्रेंच चित्रकार बघ. पदक मिळालेल्या माणसाला हे ऐकवणं सोपं नाही आणि ऐकून घेणं तर त्याहून नाही. रझांनी ऐकलं, फ्रेंच शिकायला लागले, १९५० मध्ये फ्रेंच सरकारची स्कॉलरशिप घेऊन पॅरिसला गेले.

आता १९५१ च्या आसपासची गॉशमधली (अपारदर्शक जलरंगातली) गावं बघा, दक्षिण फ्रान्समधल्या गावाचं 'ओ द कान्य' सारखी. डोंगरउतारावर एकमेकांना खेटून उभी घरं, कडा धारदार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मुंबईच्या त्या ओल्या पसरणाऱ्या रंगांचा मागमूस नाही. मग पाच-सहा वर्षांत ऑइलचे जाड थर आले, १९५६ मध्ये प्री द ला क्रितिक हा फ्रेंच समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, फ्रान्सबाहेरच्या चित्रकाराला पहिल्यांदाच, आणि १९५८ च्या 'व्हिलेज विथ चर्च' मध्ये तर गाव जळतंय की संध्याकाळ झालीय कळू नये असा रंग आहे. हे सगळं बिंदूच्या आधीचं. याबद्दल कोणी बोलतच नाही.

वैनगंगाकाठ

शर्वरीताई, निसर्गचित्रांबद्दल मान्य, पण ही "बाहेरच्यांनी सांगितलं म्हणून रझा घडले" वाली गोष्ट मला अजिबात पटत नाही. आधी मुंबईत लँगहॅमर, लायडन, श्लेसिंगर या युरोपातून आलेल्या कलाप्रेमींनी घडवलं म्हणायचं, मग कार्तिए-ब्रेसाँने घडवलं म्हणायचं, मग पॅरिसने. अहो मग मंडला जिल्ह्यातलं बाबरिया कुठे गेलं? वडील जंगल खात्यात, पोरगं रानात वाढलेलं. रझा स्वतः सांगायचे की रानातली रात्र भीतीदायक असायची, गोंडांचे नाच, अंधार, आणि सकाळ झाली की जीवात जीव यायचा, बाजाराच्या दिवशी तर रंगच रंग. ७० च्या दशकातलं 'तपोवन' बघा आता हे डोक्यात ठेवून. काळ्या-तपकिरी अंधारातून मधूनच लाल-केशरी फुटतं. ते दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचं गाव आहे का? ते मंडल्याचं रान आहे.

आणि बिंदू पण तिथलाच. ककैयाच्या शाळेत मास्तरांनी चंचल पोराला भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत बसायला लावलं होतं. नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३९ ते ४३ शिकले, त्याचं तर कोणी नावच घेत नाही. निसर्गचित्रं मोठी आणि बिंदू छोटा अशी वाटणी तुम्ही करताय, त्यांच्यासाठी ते एकच होतं.

शर्वरी_के

मी "घडवलं" म्हटलंच नाही हो. रान आतमध्ये होतं, नक्कीच होतं. पण १९४८ पर्यंतच्या चित्रांत ते दिसतंय का? आत असणं वेगळं आणि कॅनव्हासवर उभं राहणं वेगळं, त्या मधल्या अंतरात मित्र लागतात. लँगहॅमर ऑस्ट्रियाचा, बायको ज्यू म्हणून नाझींपासून जीव वाचवून मुंबईत आलेला, टाइम्समध्ये आर्ट डायरेक्टर, स्वतः एक्स्प्रेशनिस्ट वळणाची निसर्गचित्रं करायचा. त्याच्या घरी रविवारी ही पोरं जमायची, युरोपातल्या चित्रांच्या छापील प्रती बघायची, एकमेकांच्या कामावर तुटून पडायची. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा चित्रकारांचा गट काढला. या लोकांना एकमेकांची स्टाइल आवडायची असं काही नव्हतं, तरी बोलत राहिले. १९५२ मध्ये पॅरिसला सूझा, रझा आणि अकबर पदमसी यांनी एकत्र प्रदर्शन केलं, तिघांच्या चित्रांत काहीही सारखं नाही. आणि रझा पुढे आयुष्यभर चित्रकार मित्र कृष्ण खन्ना वगैरेंना पत्रं लिहीत राहिले, चित्रं, प्रदर्शनं, पैशाची ओढाताण सगळं त्यात आहे, रझा फाउंडेशनने ती छापली पण आहेत. एकटा माणूस रानाच्या आठवणीवर पन्नास वर्षं चित्रं काढत बसला असं नाही झालेलं.

सुरी_आणि_ब्रश

मी स्वतः लँडस्केप करतो, म्हणून हातच्या कामाबद्दल बोलतो. तुम्ही दोघांनी एक गोष्ट सोडली, १९६२. रझा अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले आणि तिथे रॉथको, सॅम फ्रान्सिस, हान्स हॉफमन या अमूर्त चित्रकारांचं काम बघितलं. त्यानंतर ते हळूहळू ऑइलवरून ॲक्रिलिकवर आले. ऐकायला बारीक वाटतं पण ज्याने दोन्ही वापरलंय त्याला कळेल. ऑइलचा जाड थर वाळायला दिवसेंदिवस लागतात, ओल्यावर ओलं लावलं की रंग मळतो, सुरीने खरवडत बसावं लागतं. ॲक्रिलिक तासाभरात वाळतं, त्यामुळे हात थांबत नाही, एकावर एक झटके देता येतात आणि खालचा रंग मळत नाही, वरच्यातून चमकत राहतो. 'तपोवन'मधला तो अंधारातून फुटणारा रंग आठवणीतून आला असेल, पण तो तसा *लावता* आला याचं श्रेय बऱ्यापैकी या बदलाला आहे.

आणि शर्वरी, १९७५ ला रेघ मारून पुढचं सगळं बाद हे मला मान्य नाही. १९८३ चं 'सौराष्ट्र' घ्या. त्यात बिंदू आहे, पण तो चित्राचा एक भाग आहे, बाकीची जमीन, ऊन, तापलेली माती सगळी आहे की नाही? तेच चित्र २०१० मध्ये लंडनच्या लिलावात १६ कोटींच्या वर गेलं म्हणून मी म्हणत नाहीये, किमतीचा आणि चित्राचा संबंध लावू नये. पण ते निसर्गचित्रच आहे, फक्त एका जागी उभं राहून बघितलेलं नाही.

अमरावतीकर

सगळं वाचलं. मला वाईट याचं वाटतं की निसर्गचित्र आणि प्रोग्रेसिव्ह ग्रुप एवढं बोलूनही गाडेंचं नाव यादीत एकदाच आलं. ह. अं. गाडे, आपल्या अमरावती जिल्ह्यातले, विज्ञानाचे पदवीधर. त्यांनी पण घरं, गावं, डोंगर हेच केलं आणि काय केलं! सपाट केलेली घरं, थोडी वरून बघितल्यासारखी, लाल-पिवळ्याचे तुकडे एकमेकांना घट्ट धरून बसलेले. ज्या बांधणीसाठी रझांना सेझान बघायला पॅरिस गाठावं लागलं ती या माणसाने इथे राहून मिळवली. बाहेर गेले त्यांची पत्रं छापली जातात, इथे राहिलेल्यांचं कोण छापणार?

वैनगंगाकाठ

अमरावतीकर, शंभर टक्के. शर्वरीताई मित्रांमुळे मित्रांमुळे म्हणतायत, मग गाडे पण त्याच घोळक्यातले मित्र होते, त्यांच्याकडून रझांनी काय घेतलं हे कोणी लिहिलंय का?

शर्वरी_के

गाडेंवर वेगळा धागा काढा अमरावतीकर, मी पहिली येईन. पण ते इथे राहूनही एकटे नव्हते, तेही त्याच गटात बसून वाद घालत होते, त्यामुळे माझा मुद्दा उलट पक्का होतो.

सुरी_आणि_ब्रश, 'सौराष्ट्र' मान्य, तिथे जमीन अजून धगधगतेय. सत्तरीच्या दशकात रझांना स्वतःलाच आपलं काम पुरेना, तेव्हा भारतात फिरले, अजिंठा-वेरूळ, बनारस, राजस्थान, त्यातून हे आलं, म्हणजे तेव्हा प्रश्न जिवंत होता. माझी तक्रार त्यानंतरची आहे. १९९० नंतर तीच मांडणी, तेच पाच रंग, कडा पट्टीने मारल्यासारख्या. त्यांना "हे नको, बांधणी चुकतेय" असं तोंडावर सांगणारं कोणी उरलं होतं का? सगळे पाया पडायला येणारे.

वैनगंगाकाठ

ते पुनरावृत्तीला जप म्हणायचे. जप करणाऱ्याला तुम्ही "तेच तेच का म्हणता" विचारता का?

सुरी_आणि_ब्रश

जप त्यांचा, मी समोर उभा राहून चित्र बघतोय. मला रंगात काही घडताना दिसलं पाहिजे, आणि १९९० नंतरच्या बऱ्याच चित्रांत ते दिसत नाही, इथे मी शर्वरीच्या बाजूने.

शर्वरी_के

मग वैनगंगाकाठ, तुम्हीच सांगा. २००० नंतरचं एक काम, जे 'ओ द कान्य' शेजारी लावलं तर टिकेल.

वैनगंगाकाठ

गांधींवरची मालिका, वयाची नव्वदी ओलांडल्यावर केलेली. फाळणीनंतर भाऊ पाकिस्तानात गेले, पहिली बायकोही तिकडेच गेली, हे इथेच राहिले कारण गांधींचा देश सोडवेना. साठ वर्षं फ्रान्समध्ये राहूनही भारताचा पासपोर्ट सोडला नाही, शेवटी परत आले आणि २०१६ मध्ये मंडल्याच्या मातीत दफन झाले. त्या मालिकेतली काही चित्रं अगदी फिकी आहेत, पांढऱ्याकडे झुकलेली, तुमचे ते पाच भडक रंग तिथे नाहीत. घरं नाहीत, डोंगर नाहीत, मान्य. पण हात थरथरत असताना माणसाने रंग कमी करत नेले, हे तुम्हाला "घडणं" वाटत नाही का? आधी ती नीट बघा, मग इथेच लिहा.