जपानची 'सोन्याची अंडी': गरिबी हटली, पायरी बदलली का?

पायवाट (धागाकर्ता)
१९५४ साली उत्तर जपानमधल्या आओमोरीहून टोकियोच्या उएनो स्टेशनाकडे एक खास गाडी निघाली. आत नववी संपवलेली, पंधरा वर्षांची पोरं. अंगावर शाळेचाच गणवेश, सोबत मास्तर. उएनोला दुकानदार, कारखानदार त्यांना घ्यायला उभे. असं गटागटाने पोरांना नोकरीला लावणं १९७५ पर्यंत चाललं. या पोरांना म्हणत 'सोन्याची अंडी'.

नावावरच माझा आक्षेप आहे. सोन्याची कुणासाठी? मालकासाठी! अनेकांच्या वाट्याला छोटे कारखाने आले, मालकाच्याच घरी राहणं आलं. रात्रशाळेच्या आशेवर आलेल्या कित्येकांची शाळा कामापायी सुटली.

जपानमध्ये १९५५ पासून दर दहा वर्षांनी सामाजिक स्तरांची मोठी पाहणी होते, एसएसएम. त्या आकड्यांवर हिरोशी इशिदांसारख्या अभ्यासकांनी काम केलं. शेतकऱ्याचा मुलगा शेताबाहेर पडला हे खरं. पण बापाच्या स्थानाचा मुलाच्या संधीवरचा पगडा इतर औद्योगिक देशांसारखाच निघाला. अख्खा जिना वर सरकला, पायऱ्यांची उतरंड तीच. जपानच्या त्या काळच्या भरभराटीला 'चमत्कार' म्हणतात, ते मला पटत नाही.

माळरान
'जिना वर सरकला' हे तुम्ही फार सहज लिहिलंत. तोहोकुत, म्हणजे आओमोरीच्या त्या ईशान्य भागात, जमीन बहुतेक थोरल्याला जायची, धाकट्यांच्या हाती काही नाही. बर्फ पडला की बाप 'देकासेगी'ला, म्हणजे शहरात मजुरीला. त्या घरातल्या पोराला दरमहा पगार मिळणं ही लहान गोष्ट नव्हे.

मी टोकियोत निशी-कासाईला राहतो. आमच्या गल्लीत तोहोकुतल्याच अकिताहून पंधराव्या वर्षी आलेले एक आजोबा आहेत. लेथ शिकले, पुढे तीन मशीनचं स्वतःचं वर्कशॉप काढलं. उजव्या तर्जनीचं एक पेर मशीनमध्ये गेलं. मुलगी शिक्षिका आहे. 'तुमची पायरी बदलली नाही' हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटणार नाही.

पायवाट
आजोबांच्या कष्टांपुढे मीही हात जोडतो. पण आपल्याला भेटतात ते तगलेले. नोरिओ नागायामा १९६५ मध्ये आओमोरीहून असाच आला, शिबुयात फळांच्या दुकानात लागला, काही महिन्यांत नोकरी सुटली. १९६८ मध्ये त्याने चार खून केले. खुनांचं समर्थन कुणीच करणार नाही. तरी मुनेसुके मिता या समाजशास्त्रज्ञांनी त्याच्यावर लिहिताना बोट ठेवलं ते शहराच्या नजरेवर. कागदावर जन्मगाव आबाशिरी, तुरुंगासाठी प्रसिद्ध. तेवढ्यावरून लोक माणूस ठरवून मोकळे. ही गोष्ट पगाराच्या आकड्यात दिसत नाही.

माळरान
एका गुन्हेगारावरून लाखोंचं आयुष्य मोजू नका. १९५५ मध्ये जेमतेम निम्मी मुलं हायस्कूलला जात, १९७४ पर्यंत हे प्रमाण ९० टक्क्यांवर गेलं. त्यात कोण होतं? याच अंड्यांची धाकटी भावंडंही!

पायवाट
आणि मग चाळणी विद्यापीठाच्या दारात लागली. माझा मुद्दा तोच आहे.

शेवंती
दोघंही बाप-मुलगा, बाप-मुलगा करताय. एसएसएममध्ये १९८५ पर्यंत बायकांना विचारलंच नव्हतं. त्याच गाड्यांतून मुलीही आल्या, सूतगिरण्यांच्या वसतिगृहांत राहिल्या. त्यांची पायरी कुठल्या तक्त्यात शोधायची? माळरान, आजोबांना बहीण होती का? विचाराल?

माळरान
आज संध्याकाळी विचारलं. होती. आइचीतल्या गिरणीत सहा वर्षं. तिच्या पगारातून धाकट्या भावाची हायस्कूलची फी गेली. ती स्वतः नववीच. हे सांगून आजोबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं."