सीमांत उत्पादन म्हणजे ‘शेवटच्या गड्याचं काम’ का?

प्रश्न:
पुतणी बारावीला आहे, पलूसला. वहीत तिनं लिहिलंय, ‘श्रमाचे सीमांत उत्पादन म्हणजे शेवटच्या कामगाराने केलेले उत्पादन.’ बरोबर आहे का? आणि हा ‘सीमांत’ म्हणजे पेपरातल्या ‘किरकोळ वाढ’मधला किरकोळच ना?

उत्तर:
नाही. किरकोळ म्हणजे थोडकं. सीमांत थोडकंच असतं असं नाही. आहे त्या माणसांत एक वाढवला तर एकूण मालात किती भर पडते, ते सीमांत. (हिंदीतला ‘सीमांत किसान’ वेगळा, तो आपला अत्यल्प भूधारक.)

आपल्याकडची ऊसतोड घ्या. आकडे हिशेबापुरते धरलेत. ८ कोयते दिवसाला १४ टन तोडून भरतात, १० कोयते १७ टन, १२ कोयते १८ टन. ८ वरून १० वर जाताना माल ३ टनांनी वाढला, कोयते २ नी. ३ भागिले २, म्हणजे सीमांत उत्पादन कोयत्यामागं दीड टन. त्यापुढच्या दोन कोयत्यांना अर्धा टनच. १७ भागिले १० केलं तर १.७ येतात, पण ती झाली सरासरी. पोरं हमखास इथंच घसरतात.

मग अकरावा-बारावा कोयता कामचुकार होता का? तसं नाही. ट्रॉली तीच, तिला लावलेली फळीही एकच. एक जण डोक्यावर मोळी घेऊन वर चढतो तोवर बाकीचे मोळ्या घेऊन खाली ताटकळतात. त्यात पहिला कोण, बारावा कोण? म्हणून तिला लिहायला सांगा: ‘बाकी साधने तीच ठेवून एक कामगार वाढवल्याने एकूण उत्पादनात पडणारी भर’.

आणखी एक उत्तर:
हिशेब बरोबर, पण कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी असला तर अर्धा कोयता धरतात. डोकी मोजली तर वर २ नव्हे, ४ वाढली, आणि तुमचं दीड टन पाऊण टनावर आलं. भागाकारात खाली काय मोजलंय ते आधी लिहा.

प्रश्नकर्ता:
वहीत खोडून नीट लिहिलं. आता म्हणते, काका, जोडीतल्या बाईचं एकटीचं सीमांत उत्पादन काढायचं कसं? म्हटलं, बाई नसली तर मोळी बांधून ट्रॉलीवर जाईल कशी, ते तू आधी सांग.