स्पेशल कलेक्शनचा हिशेब वेगळा कसा ठेवायचा? (ठाणे)

तलावपाळी:
ठाण्यातल्या पॅरिशच्या (एका चर्चच्या विभागाच्या) दान मोजणाऱ्या गटासाठी माहिती हवी आहे. २०२६ मध्ये मिशन संडे (मिशनकार्यासाठी दान गोळा करायचा रविवार) १८ ऑक्टोबरला आहे. शनिवारी संध्याकाळची एक आणि रविवारच्या चार, अशा पाच मिस्सा (प्रार्थनाविधी). नेहमीचं कलेक्शन ऑफर्टरीला (मिस्साच्या मध्यावर अर्पणाच्या वेळी) आणि स्पेशल, म्हणजे मिशनसाठीचं, कम्युनियननंतर (शेवटाकडे प्रसाद घेऊन झाल्यावर), असा बेत आहे. दोन्ही पैसे एकत्र झाले तर वेगळे कसे करायचे? खर्चापुरता थोडा भाग पॅरिशला ठेवता येतो का? दाराशी क्यूआर कोड लावायचा आहे, आणि काहीजण ८०जीची (आयकरात वजावटीसाठीची) पावती मागतात. जाणकारांनी सांगावं.

झोळीवाला:
आधी धर्मप्रांताचं (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाचं) परिपत्रक नीट वाचा. त्या दिवशीचं सगळं कलेक्शन पाठवायचं आहे की फक्त दुसरं, हे तिथेच लिहिलेलं असतं, आणि निम्मे घोळ ते न वाचल्यामुळे होतात. ठेवून घेण्याबद्दल: कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) १२६६ प्रमाणे बिशपांनी सांगितलेलं स्पेशल कलेक्शन धर्मप्रांताच्या कार्यालयात पोहोचवायचं असतं. कॅनन १२६७ चा तिसरा परिच्छेद म्हणतो की ज्या कारणासाठी पैसे दिले, त्याच कारणासाठी ते वापरावेत. पाकिटं छापायला लागलेले पैसेसुद्धा नेहमीच्या खात्यातून द्या, यातून वळते करून घेऊ नका. लोकांना नियमित मिस्सासाठी उघडं असलेलं कॉन्व्हेंटचं चॅपल असेल तर तिथलं कलेक्शनही यात येतं, ते बहुतेकदा राहून जातं.

एकत्र झालेले पैसे नंतर अंदाजाने वेगळे करता येत नाहीत. म्हणून मोजणीच्या टेबलापेक्षा झोळीकडे लक्ष द्या. दोन रंगांच्या झोळ्या वापरा. पहिल्या झोळ्या दुसऱ्या फेरीआधी सॅक्रिस्टीत (फादरांच्या तयारीच्या खोलीत) जाऊन सीलबंद झाल्या पाहिजेत. अशर (झोळी फिरवणारा) रिकाम्या हाताने परत येतो आणि तीच झोळी पुन्हा फिरवतो, तिथेच गोंधळ होतो. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते, तेव्हा तिथेही स्पेशल कलेक्शन घ्यायचं. सगळ्यात जास्त विसरली जाते ती हीच.

कम्युनियननंतरची फेरी नेहमी हलकी येते, कारण पार्किंगमधून गाडी काढायला लोक आधीच निघतात. परिपत्रकात 'सगळं कलेक्शन' असेल तर ऑफर्टरीलाच एक फेरी करा. दोन घ्यायची असतील तर दुसरीची सूचना प्रवचनानंतर लगेच द्या. शेवटच्या सूचनांमध्ये दिली तर खिशातली नोट आधीच पहिल्या झोळीत पडलेली असते.

मोजणीला एकमेकांचे नातेवाईक नसलेले किमान दोघे बसवा. प्रत्येक मिस्साचा वेगळा कागद ठेवा: वर तारीख, वेळ, कलेक्शनचं नाव, पिशवीचा सील क्रमांक, खाली ५००, २००, १००, ५०, २०, १० च्या नोटांची संख्या, मग नाणी, मग बेरीज आणि दोघांच्या सह्या. सह्या होईपर्यंत झोळीतून कुणालाही सुट्टे द्यायचे नाहीत, आणि फुलवाल्याचं बिल तर मुळीच भागवायचं नाही. शंभराच्या पाच नोटा घेऊन पाचशेची एक टाकली तर बेरीज जुळते, पण नोटांचा तपशील बिघडतो. मग भरणा स्लिप आणि मोजणीचा कागद यांचा मेळ बसत नाही.

झोळीत मिस्सा इंटेन्शनची (ठरावीक हेतूने मिस्सा करवून घेण्यासाठी दिलेल्या दानाची) पाकिटं सापडतात. ती कलेक्शनमध्ये धरू नका. त्या दानातून ठरलेल्या हेतूने मिस्सा अर्पण करायची जबाबदारी येते, आणि ती प्रत्येक इंटेन्शनची वेगळी. पाकीट न फोडता फादरांकडे द्या.

जमाखर्च:
क्यूआर आणि पावतीबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

रोजचाच क्यूआर ठेवला तर स्पेशलचे पैसे ओळखता येत नाहीत. रिमार्कमध्ये कुणी काही लिहीत नाही, आणि मर्चंट खात्यात बँक बऱ्याचदा दिवसाची एकच एकत्र रक्कम जमा दाखवते. बँकेकडून स्पेशलसाठी वेगळा यूपीआय आयडी घ्या. तो क्यूआर शनिवार संध्याकाळच्या मिस्सापासून रविवारच्या शेवटच्या मिस्सापर्यंतच लावा, मग काढून टाका. सोमवारी ॲपमधून व्यवहारांची यादी उतरवून मोजणीच्या कागदाला जोडा. लावायच्या आधी एक रुपया पाठवून पडद्यावर येणारं नाव वाचून बघा, आणि रविवारी सकाळी परत बघा. वरून दुसरा स्टिकर चिकटवला तर नुसत्या नजरेने कळत नाही.

आता परदेशी पैसा. पॅरिशची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसेल तर परदेशी नागरिकाचे रुपयेही चालत नाहीत. इथे पासपोर्ट बघायचा, राहण्याचं ठिकाण नाही. दुबईत नोकरी करणारा भारतीय पासपोर्टवाला बँकेतून स्वतःच्या बचतीतले पैसे देतो तेव्हा ती परदेशी देणगी ठरत नाही. ओसीआय कार्डवाला (परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा माणूस) मात्र परदेशी नागरिक असतो, त्याचे पैसे ठरतात. ख्रिसमसला घरी आलेल्या पाहुण्यांमुळे हा प्रश्न दरवर्षी येतो. नोंदणी असली तरी असे पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच आले पाहिजेत, आणि तिथून दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत.

८०जी: झोळीतल्या पैशांची पावती देताच येत नाही, कारण देणारा कोण हे माहीत नसतं. शिवाय ही सवलत धर्मादाय कामासाठी आहे, निव्वळ धार्मिक ट्रस्टला नाही. ज्यांना ती हवी त्यांना ८०जी असलेल्या सामाजिक संस्थेला थेट चेक किंवा यूपीआयने द्यायला सांगा, पॅनसह. दोन हजारांवरच्या रोख देणगीला वजावट मिळत नाही.

एक बारीक गोष्ट ऑडिटच्या वेळीच कळते. धार्मिक आणि धर्मादाय अशा दोन्ही हेतूंच्या ट्रस्टला निनावी दानावर सहसा कर पडत नाही, पण ते दान ट्रस्टच्याच शाळेसाठी किंवा हॉस्पिटलसाठी म्हणून मागितलं असेल तर पडतो. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातली जी रक्कम मोठी तिच्यावरच्या निनावी पैशांवर ३० टक्के. म्हणून 'शाळेच्या इमारतीसाठी' झोळी फिरवू नका, नाव-पत्ता लिहायची पाकिटं वाटा.

नेरुळकर:
वरच्यांनी बरंच सांगितलं, राहिलेलं जोडतो.

गुड फ्रायडेचं कलेक्शन पवित्र भूमीसाठी असतं. त्या दिवशी मिस्सा नसते, म्हणून ऑफर्टरीही नाही, आणि झोळी कधी फिरवायची यावर ऐन वेळी कुजबुज सुरू होते. क्रुसाच्या वंदनाला रांगा लागतात, त्या रांगेच्या बाजूला झाकणाची पेटी ठेवणं सगळ्यात सोपं. पेटी क्रुसाला अगदी चिकटून ठेवू नका, रांग अडते. जूनमधलं पीटर्स पेन्स (पोपसाठीचं कलेक्शन) २९ जूनच्या आसपासच्या रविवारी असतं. त्याचं पोस्टर मिशनच्या पोस्टरशेजारी वर्षभर लटकत ठेवलं तर लोक दोन्हीला एकच समजतात.

एसव्हीपीची (गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीची) पेटी पॅरिशच्या हिशेबात घेऊ नका. त्यांच्या कॉन्फरन्सचा (स्थानिक शाखेचा) हिशेब त्यांचाच असतो.

चिल्लर: एका व्यवहारात नाणी कायद्याने हजार रुपयांपर्यंतच घ्यावी लागतात, पण ती मर्यादा देण्या-घेण्याची आहे, खात्यात भरण्याची नाही. शंभर-शंभर नाण्यांची पाकिटं करून, वर रक्कम लिहून न्या आणि सोमवारी सकाळी जाऊ नका. फाटक्या नोटा वेगळ्या ठेवून त्याच शाखेत बदलून घ्या. त्या गड्डीत घातल्या तर मशीन गड्डी परत टाकतं.

वाशी-नेरुळकडे लॅटिन आणि सायरो-मलबार (कॅथलिक चर्चची केरळातली वेगळी परंपरा) दोन्ही पॅरिश आहेत, म्हणून एक सांगतो: वरचे कॅनन लॅटिन चर्चचे. सायरो-मलबार पॅरिशने त्यांच्या कल्याणच्या धर्मप्रांताकडून आलेलं परिपत्रक पाहावं.

तलावपाळी:
आभार. अजून एक: पूरग्रस्तांसाठी घेतलेले पैसे उरले तर? आणि सोसायटीतले काहीजण चर्चच्या नावाने स्वतःच गोळा करू म्हणतात.

झोळीवाला:
उरलेले छपराच्या दुरुस्तीला जात नाहीत, हे नक्की. घोषणा करतानाच 'उरल्यास इतर आपद्ग्रस्तांसाठी' हे शब्द घाला, म्हणजे पुढे अडचण येत नाही. घातले नसतील तर फादर आणि फायनान्स कमिटीने धर्मप्रांताला लेखी विचारावं.

सोसायटीवाल्यांना थांबवा. कॅनन १२६५ प्रमाणे धर्मकार्यासाठी खासगी व्यक्तीने मागायचं तर बिशपांची लेखी परवानगी लागते. चर्चचं नाव न घेता मागितलं तरी गणपती मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून काढतात तसली परवानगी लागेलच. त्यांना खरंच हातभार लावायचा असेल तर मोजणीला माणसं कमी पडतात, रविवारी साडेनवाच्या मिस्सानंतर टेबलाशी बसायला सांगा.