नसबंदीनंतर लॅब्रेडॉरचं वजन वाढत चाललंय, खाणं नेमकं किती द्यावं?

मृद्गंध:
आमची तांबू, लॅब्रेडॉर मादी, चार वर्षांची. नसबंदी झाल्यापासून वजन चढतच गेलं, आता काट्यावर 34 किलो भरतं. डॉक्टर म्हणाले, तिच्या चणीला 28 च्या आसपास हवं. कोरडं खाणं पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे दोन वेळा देतो, तरी ही गत. जेवून झालं की रिकामं भांडं नाकाने ढकलत घरभर फिरते, अगदी बघवत नाही. ती खरंच उपाशी राहते का? आणि कमी करायचं तर किती?

सोनचाफा:
माझ्याकडे आजवर लॅब्रेडॉरच आहेत, त्यामुळे ते भांडं ढकलणं चांगलंच ओळखीचं आहे. 2016 साली केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना या जातीत भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला. तपासलेल्या लॅब्रेडॉरांपैकी जवळपास पाव कुत्र्यांत हा बिघाड होता. अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मधे लवकर भूक लागते आणि आराम करताना त्यांची ऊर्जाही कमी जळते, हे 2024 मध्ये पुढे आलं. तेव्हा तांबूला भूक लागत असेलही, पण म्हणून तिच्या अंगाला तेवढ्या अन्नाची गरज आहे असं नाही. तिच्या डोळ्यांकडे बघून माप ठरवू नका.

आता तक्ता. तुम्ही 34 किलोचा रकाना बघत असाल तर वाढलेल्या चरबीलाही खाऊ घालताय. शिवाय नसबंदीनंतर गरज घटते, ती सरसकट तक्त्यात धरलेली असेलच असं नाही.

हिशेब 28 किलोवर करा. कॅल्क्युलेटरवर 28 × 28 × 28 करा आणि वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा. 12.17 येतं. त्याला 70 ने गुणलं की साधारण 852. वजन उतरवताना दिवसाला एवढ्या किलोकॅलरीपासून सुरुवात करतात. यातला जास्तीत जास्त दहावा हिस्सा खाऊसाठी ठेवा, म्हणजे जेवणाला 767 उरतात. तुमच्या खाण्यात 100 ग्रॅमला 360 किलोकॅलरी असतील, तर दिवसभराचे झाले 213 ग्रॅम. पाकिटावरचा आकडा वेगळा असेल तर त्याने हिशेब करा. आणि कृपा करून वाटीने मोजू नका. त्याच वाटीत दर वेळी कमीजास्त दाणे बसतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, सकाळीच पूर्ण दिवसाचं खाणं एका डब्यात काढून ठेवा. घरातल्या कुणालाही तिला काही द्यायचं असेल तर त्याच डब्यातलं द्यायचं.

आठवड्याला वजनाच्या 1 ते 2 टक्के उतार पुरे, म्हणजे सुरुवातीला 340 ते 680 ग्रॅम. उतरलंच नाही तर माप थोडं घटवा, फार भराभर उतरलं तर वाढवा. 28 वर आली की माप हळूहळू वाढवत वजन जिथे स्थिरावेल तिथे थांबा. तो आकडा प्रत्येक कुत्र्याचा वेगळा असतो.

आणि काट्याइतकाच हातावर भरवसा ठेवा. तुमचा तळहात जमिनीकडे करून बोटं सरळ पसरा आणि दुसऱ्या हाताने मागच्या बाजूची हाडं चाचपा. फासळ्या तशा लागल्या तर वजन योग्य. मूठ वळल्यावर वर येणाऱ्या सांध्यांसारख्या टोचल्या तर कुत्रं रोड आहे. अंगठ्याखालच्या मांसल भागासारखं लागलं, फासळी शोधावी लागली, तर चरबी जास्त. वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसायला हवी.

हे सगळं दिसण्यासाठी नाही हो. 48 लॅब्रेडॉरांवरचा एक दीर्घ अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या. जोडीतल्या दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं मिळालेली कुत्री सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली.

पाऊलवाट:
सोनचाफाताईंच्या हिशेबाला एक जोड. नेहमीचंच खाणं एवढं घटवलं तर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही घटतात. वजन कमी करण्यासाठीचं वेगळं खाणं मिळतं, त्यात कॅलरी कमी, प्रथिनं आणि तंतू जास्त. डॉक्टरांना विचारून आठवडाभरात थोडं थोडं मिसळत त्यावर आणा. आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर आधी ती. तिथे बिघाड असेल तर नुसतं माप घटवून भागत नाही.

मृद्गंध:
रकाना 34 चाच बघत होतो! थायरॉइडचं उद्याच विचारतो. खाऊ म्हणून गाजर चालेल का? आणि द्राक्षं?

सोनचाफा:
गाजर उत्तम, बारीक तुकडे करून द्या. द्राक्षं आणि मनुका मात्र अजिबात नाही, एखाददुसरीसुद्धा नाही, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही तिच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. जेवणाचे दाणे भांड्याऐवजी कोडं घातलेल्या खेळण्यातून द्या, तेच 213 ग्रॅम संपवायला तिला बराच वेळ लागेल.