विषय: पुण्यात दिसलेलं हे कसलं झाड?

नमस्कार मंडळी,

आईकडे पुण्याला आले आहे. ऑक्टोबरचं ऊन चढायच्या आत कमला नेहरू पार्कच्या बाजूला एक चक्कर मारते. तिथल्या एका गल्लीत, जुन्या बंगल्याच्या भिंतीवरून झाड बाहेर झुकलंय. फळं हिरवी, कोबीच्या लहान गड्ड्यासारखी, तशीच एकावर एक मिटलेली. फोनमधल्या अ‍ॅपनं सांगितलं 'एलिफंट अ‍ॅपल'. त्याचं मराठी शोधलं तर कवठ! आई लगेच म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" पण कवठ मी लहानपणी पाट्यावर आपटून फोडलंय. हे ते नव्हे. फोटो जोडलाय.

— फराळ समितीवाली, सध्या मुक्काम एरंडवणे

---

फोटोत नुसती फळंच दिसतायत. पानं कशी आहेत ते सांग. आणि मंडळी, चकलीच्या ऑर्डरी या मेलमध्ये नकोत, कृपया.

— बागवाले काका, मिसिसागा

---

काका, आज मुद्दाम पुन्हा जाऊन आले. पान एकेकटं, वीतभर लांब, कडेला करवतीसारखे दाते. शिरा इतक्या खोल की पत्र्याच्या छपरासारखं दिसतं. काटे नाहीत.

---

मग कवठाचा प्रश्नच मिटला. कवठाला काटे असतात, पान संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक बारक्या पर्णिका, चुरगाळल्या तर वास येतो. तू पाहिलंस ते करमळ, डिलेनिया इंडिका. घोळ सगळा इंग्रजी नावाचा. हत्तीच्या नावावर ही दोन्ही फळं खपतात, कवठाचं तर जुनं शास्त्रीय नावसुद्धा फेरोनिया एलिफंटम होतं. अ‍ॅप चुकलं नाही, भाषांतर चुकलं.

पावसाळ्याच्या तोंडाला आली असतीस तर फूल दिसलं असतं. पांढरंशुभ्र, ओंजळभर, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका, आणि एवढं देखणं असून खाली मान घालून बसलेलं. पाकळ्या गळतात आणि मागची जाड, मांसल निदलं, म्हणजे कळीवरची हिरवी आवरणं, पुन्हा मिटून फळाला कवटाळतात. तू कोबी म्हणतेस ती हीच. खातात तीही हीच, आतला गर बुळबुळीत असतो. आसामात याला 'औ टेंगा' म्हणतात. टेंगा म्हणजे आंबट. डाळीत आणि माशाच्या कालवणात घालतात.

सह्याद्रीत याचा धाकटा भाऊ भेटतो, डिलेनिया पेंटागायना. त्याची फुलं पिवळी, निष्पर्ण फांद्यांवर येतात आणि फळं अगदी लहान. त्यालाही करमळच म्हणतात, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबू नकोस.

— काका

---

काका, आमच्याकडे करमळ म्हणजे पाच धारांचं आंबट फळ, आडवं कापलं की चांदणी. कमरख! हे कुठलं कोबीचं करमळ काढलंत?

— मालवणवाला, ब्रॅम्प्टन

---

तुझंही बरोबर, बाबा. म्हणून तर आधी पान विचारलं.

---

बंगल्यातल्या आजींनी स्वतःहून एक फळ दिलं. बाहेरची निदलं चिरून आईनं गूळ घालून आमटी केली. आंबटपणा छान, पण चोथा बराच राहतो, चावून टाकावा लागतो. आईनं दोनदा वाढून घेतली. कामवाल्या मावशींना मात्र सांगत होती, "आज कवठाची आमटी केलीय."

— फ. स.